बर्फात गाडी न्यायची तर गिअरची बरी की ऑटोमॅटिक? मनाली, सिस्सू, गुलमर्गला स्वतःच्या गाडीने निघालेल्यांसाठी

हिवाळा आला की हा प्रश्न हमखास येतो. डिसेंबरात मनालीला जायचंय, घरात एक गिअरची गाडी आहे आणि एक ऑटोमॅटिक, कुठली नेऊ? पूर्वी हा प्रश्न फारसा यायचाच नाही कारण थंडीत रोहतांग खिंड बंद म्हणजे पुढचं सगळं लाहौल खोरं बंद, पण ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि आता ऐन थंडीतही रस्ता उघडा असला तर साधी हॅचबॅक घेऊन माणूस बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत पोचतो. बोगद्याची दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर आहेत हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. पुण्या-मुंबईहून जवळपास दोन हजार किलोमीटर गाडी चालवत आलेला, हातखंडा ड्रायव्हर असतो, वरंधा आणि आंबोलीचे घाट भर पावसात उतरलेला असतो, आणि सोलंगच्या पुढे धुंडीजवळच्या एका सावलीतल्या वळणावर गाडी नुसती घसरत जाते आणि त्याला कळतच नाही की ब्रेक दाबूनही ती थांबत का नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गिअरबॉक्स ही दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे, पहिली गोष्ट टायर आणि चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळी. पण दुसऱ्या नंबरची म्हणजे बिनमहत्त्वाची नाही, कारण चढताना, उतरताना, अडकल्यावर आणि सकाळी गाडी सुरू करताना दोन्ही प्रकारच्या गाड्यांना वेगवेगळं वागवावं लागतं, आणि ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आपल्याकडे चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात त्यांचंही बर्फात आपापसात पटत नाही. तर सगळं नीट, क्रमाने बघू.

आधी बर्फ काय करतो ते समजून घ्या

कोरड्या डांबरावर टायरची पकड मोजायचा आकडा साधारण ०.७ ते ०.८ असतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ च्या आसपास. याचा अर्थ हिशोबाने असा होतो की ताशी ३० च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून पाचेक मीटरमध्ये थांबते, तीच घट्ट बर्फावर १८ मीटर घेते आणि गोठलेल्या थरावर ३५ मीटर. ताशी ४० ला हेच अनुक्रमे ९, ३१ आणि ६३ मीटर होतं. म्हणजे वेग फक्त दहाने वाढला तर थांबायचं अंतर जवळपास पावणेदोन पट. यात गिअरची गाडी, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, कशानेही फरक पडत नाही! फोर बाय फोर तुम्हाला चढवते, थांबवायचं काम तेच चार टायर करतात जे अल्टोचे करतात. हे एवढं डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं.

दुसरं म्हणजे टायरकडे असलेली पकड ही एका भाकरीसारखी आहे, ब्रेकने सगळी खाल्ली तर स्टिअरिंगला काही उरत नाही आणि वळताना रेस दिली तर दोघंही उपाशी. म्हणून एका वेळी एकच काम. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळण्याआधी, मग पाय काढा, मग वळा, आणि गाडी सरळ झाली की हळू रेस. सगळ्यात घातक असतो तो ब्लॅक आइस, म्हणजे वितळलेलं पाणी रात्री परत गोठून डांबरावर बसलेला पातळ पारदर्शक थर. तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतली वळणं, पूल, डोंगरातून झिरपणारं पाणी रस्ता ओलांडतं त्या जागा, बोगद्याच्या तोंडाजवळचा भाग, इथे तो आहेच असं धरूनच चालवायचं.

तुमची ऑटोमॅटिक नक्की कुठली आहे ते बघा

हे बरेच जणांना माहीत नसतं, शोरूममध्ये कुणी सांगतही नाही.

एएमटी ही मुळात गिअरचीच गाडी असते, तोच गिअरबॉक्स आणि तोच एक कोरडा क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम कॉम्प्युटर करतो. २०१४ मध्ये सेलेरिओमधून ही आपल्याकडे आली आणि स्वस्त म्हणून घराघरात पोचली. शहरात सोयीची, पण बर्फाच्या चढावर तिचा एक मोठा दोष आहे, ती चढाच्या मध्येच गिअर बदलायचा निर्णय घेते, त्या क्षणी चाकांची ताकद तुटते आणि गाडीचा आलेला वेग मरतो. शिवाय अडकल्यावर पुढे-मागे, पुढे-मागे केलं की क्लच तापतो आणि तुमच्या पायाला ते जाणवत नाही कारण पाय क्लचवर नाहीच. वास आला किंवा डॅशबोर्डवर इशारा आला की थांबायचं, दुसरा उपाय नाही. चढावर एएमटी कायम मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे गिअर तुम्हीच ठरवायचा.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जुनी, खरी ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, त्या तेलातून ताकद जाते म्हणून चाकापर्यंत झटका पोचत नाही. डी मध्ये टाकून ब्रेकवरून पाय हळूच उचलला की गाडी आपोआप सरकायला लागते, आणि बर्फात निघायला हे सरकणं फार उपयोगी पडतं. ऑटोमॅटिकमध्ये माझी पहिली पसंती हीच.

सीव्हीटी मध्ये ठराविक गिअर नसतात, दोन पुली आणि स्टीलचा पट्टा असतो. ताकद एकसारखी आणि मऊ येते, बर्फाला ते मानवतं. मात्र चाक वेड्यासारखं फिरतंय आणि अचानक त्याला कोरडा डांबर मिळाला तर तो धक्का पट्ट्याला सोसत नाही, त्यामुळे चाक फिरवत बसायचं नाही. उतारावर डी मध्ये इंजिनचा ब्रेक, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन गाडीला जे मागे धरतं ते, जवळजवळ लागतच नाही, एल किंवा एस किंवा काही गाड्यांत बी असतं ते वापरावं लागतं.

डीसीटी म्हणजे दोन क्लचवाली. मोकळ्या रस्त्यावर मजा, पण क्लच कोरडे असतील तर चढावरच्या ट्रॅफिकमध्ये दर मिनिटाला दोन-दोन फूट सरकण्याने ते तापतात. मनाली ते सोलंग रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी नेमकं तेच करावं लागतं. अशा वेळी पुढच्या गाडीला जाऊ द्या, अंतर पडू द्या, मग एकदम वीसेक फूट जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर पाय सोडल्यावर जी रीजेन लागते ती कमीत कमी लेव्हलवर ठेवा, कारण तो ब्रेक फक्त ज्या चाकांना मोटर आहे त्यांनाच लागतो आणि बर्फावर तीच चाकं घसरतात. थंडीत रेंज कमी होते तेही धरून चाला.

निघण्याआधी

रेडिएटरमध्ये काय आहे ते तपासा. आपल्याकडे उन्हाळ्यात कुणीतरी साधं पाणी टॉपअप केलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात नसतं, उणे तापमानात ते गोठून रेडिएटर किंवा इंजिनलाच तडा जाऊ शकतो. अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण असेल तर साधारण उणे ३५ पर्यंत काळजी नाही. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी नको.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर बदलून घ्या, आणि ऑटोमॅटिक असेल तर नक्कीच. गिअरची गाडी बॅटरी बसली तरी उतारावर सोडून किंवा चौघांनी धक्का देऊन सेकंड गिअरमध्ये सुरू करता येते, ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाही. जंपर केबल दोघांनीही ठेवा पण ऑटोमॅटिकवाल्यांना तिच्याशिवाय पर्याय नाही.

डिझेलवाल्यांनी सपाट प्रदेशात भरलेली फुल टाकी घेऊन वर जाऊ नये, साधं डिझेल कडक थंडीत घट्ट व्हायला लागतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणूनच २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं वेगळं डिझेल काढलं. मनालीला किंवा पुढे जिथे पंप असेल तिथे भरा, जुनं शक्यतो संपवत आणा.

टायरमधली हवा. दर पाच-सहा अंश तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते, पण वर गेल्यावर बाहेरचा हवेचा दाब कमी झाल्यामुळे काटा थोडा जास्तही दाखवतो, त्यामुळे पुण्यातला आकडा तिथे कामाचा नाही. मनालीत सकाळी गाडी गार असताना तपासा आणि कंपनीने सांगितलेलाच दाब ठेवा. वाळूत हवा कमी करतात तसं बर्फात करायला कुणीतरी सांगेल, ऐकू नका, गोठलेल्या डांबरावर त्याचा फायदा नाही आणि घाटात गाडी लोळते.

आता टायरचं. आपले नेहमीचे टायर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात आणि पकड सोडतात. युरोपात, कॅनडात खास हिवाळी टायर मिळतात, मऊ रबराचे, बारीक चिरा असलेले. आपल्याकडे ते दुकानात सहजासहजी मिळत नाहीत आणि आठवड्याच्या सहलीसाठी कुणी घेणारही नाही. ऑल टेरेन टायर म्हणजे हिवाळी टायर नव्हे, मोठे गट्टू मऊ बर्फ कापतात पण काचेसारख्या थरावर तेही साध्या टायरसारखेच घसरतात. म्हणून आपल्यासाठी उत्तर एकच, चेन.

परदेशात गेलेल्या आपल्या लोकांसाठी दोन ओळी, कारण तिथे हा कायद्याचा विषय आहे. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, स्वीडनमध्ये रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च, आणि जर्मनीत तारखेवर नाही तर रस्त्याच्या स्थितीवर, तिथे ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाची खूण असलेलाच टायर धरला जातो. नुसतं एम आणि एस लिहिलेला जुना टायर आता तिथे चालत नाही. अशा टायरवर ऑटोमॅटिक की गिअरची हा वाद खूपच सौम्य होऊन जातो.

चेन कुठे, कधी, कशी

चेन लागते ती ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना. स्विफ्ट, बलेनो, क्रेटा, एर्टिगा यांना पुढे. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, साधी फोर बाय टू स्कॉर्पिओ यांना मागे. फोर बाय फोरला कुठे ते गाडीच्या पुस्तकात बघा. टायरच्या साइजप्रमाणे चेन घ्या, आणि हे महत्त्वाचं, ती हॉटेलच्या अंगणात कोरड्या जागी एकदा लावून काढून बघा. गार वाऱ्यात, हातमोजे ओले झालेले, मागे गाड्यांची रांग, अशा वेळी पहिल्यांदा पुस्तक उघडून शिकता येत नाही.

अडकल्यावर नाही, अडकायच्या आधी लावायची. लावली की पन्नास-शंभर मीटर जाऊन थांबा, ती सैल झालेली असते, परत ताणून घ्या. वेग ताशी ३० च्या वर नको, आणि कोरडं डांबर लागलं की काढा, नाहीतर चेन तुटून चाकाच्या आत गुंतते, ब्रेकच्या पाइपवरही आदळते. गुलमर्गला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टंगमर्ग ते गुलमर्ग हा साधारण १३ किलोमीटरचा चढ आहे आणि बर्फ असेल तेव्हा चेन किंवा फोर बाय फोर असल्याशिवाय वर सोडत नाहीत. मनालीकडेही बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर आणि चेनवाल्या गाड्याच पुढे सोडतात. तिथे वाद घालू नका, २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि अटल बोगद्याच्या मध्ये शेकडो गाड्या अडकल्या होत्या आणि लोकांना रात्री बाहेर काढायला पोलिसांना राबावं लागलं होतं. अडवणाऱ्याने ते बघितलेलं असतं.

निघायचं कसं

आधी बूट. मनालीच्या वाटेवर भाड्याने जे गमबूट आणि जाड सूट मिळतात ते घालून गाडी चालवायची नाही, गिअरच्या गाडीत तर अजिबात नाही, कारण क्लच कुठे पकडतो ते तळपायाला कळलंच पाहिजे. स्वतःचे पातळ सोलचे बूट घाला आणि बसण्याआधी सोलवरचा बर्फ झटकून टाका, ओला सोल पेडलवरून सटकतो.

गिअरची गाडी सपाट बर्फावर सेकंड गिअरमध्ये उठवा. फर्स्टमध्ये चाकाला इतकी ताकद मिळते की टायर जागच्या जागी फिरतो, खालचा बर्फ घासून गुळगुळीत होतो आणि मग तुम्ही स्वतःच तयार केलेल्या काचेवर उभे असता. सेकंड टाका, क्लच अगदी हळू सोडा, डिझेल असेल तर बहुतेक वेळा रेस द्यावीच लागत नाही, लहान पेट्रोल इंजिनला किंचित द्या. चढावर मात्र हे करू नका, तिथे सेकंडमध्ये उठवायला गेलं की क्लच जळतो, तिथे फर्स्ट आणि अगदी हलका पाय.

ऑटोमॅटिकमध्ये स्नो मोड असेल तर लावा. क्रेटा, सेल्टॉसच्या ऑटोमॅटिकमध्ये हा येतो, ग्रँड विटाराच्या ऑलग्रिपवाल्या गाडीतही. तो जादू करत नाही, पाय दाबला तरी इंजिनची ताकद हळू सोडतो आणि चाक फिरायला लागलं की लवकर आवरतो, एवढंच, पण तेवढंच हवं असतं. स्नो मोड नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये दोन नंबर मागून बघा, काही गाड्या देतात काही देत नाहीत. मग फक्त ब्रेकवरून पाय उचला आणि गाडी स्वतः सरकते का बघा, सरकली तर रेसला हात, म्हणजे पाय, लावूच नका.

इथे नवख्या माणसासाठी ऑटोमॅटिक सोपी आहे हे मी मान्य करतो. बर्फाच्या रस्त्यावर पहिल्या तासात डोक्यावर एवढा ताण असतो की क्लच, गिअर, ब्रेक, पुढची गाडी आणि बाजूची दरी असं सगळं सांभाळताना काहीतरी सुटतं, आणि सुटतो तो क्लच, धक्का बसतो, चाकाची पकड जाते. ज्याचा हात बसलाय त्याची गोष्ट वेगळी.

चढ

चढाच्या पायथ्याशी थांबा. पुढची गाडी पूर्ण वर जाऊ द्या, ती मध्ये अडकली तर तुम्हीही अडकाल आणि बर्फाच्या चढावर मध्येच थांबून परत निघणं हे सगळ्यात कठीण काम आहे. गिअर खालीच ठरवा. गिअरच्या गाडीत सेकंड, फार उभा चढ असेल तर फर्स्ट, आणि वर पोचेपर्यंत बदलायचा नाही. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोड किंवा एल लावून गिअर पक्का करून टाका. थोडा वेग घेऊन लागा आणि पाय एकाच जागी ठेवा. चाकं फिरायला लागली तर पाय दाबायचा नाही, थोडा उचलायचा, पकड आपोआप परत येते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं वजन चढावर मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणून डिकीत सगळं सामान कोंबलेली एर्टिगा चढावर पुढची चाकं फिरवत उभी राहते. सामान पुढे, मधल्या सीटजवळ घ्या. इनोव्हा क्रिस्टाचं उलट, मागे माणसं बसली तर बरं.

नाहीच चढली तर हट्ट सोडा. मागे कुणी नाही ना ते बघून, रिव्हर्समध्ये, क्लच पूर्ण सोडून किंवा आर मध्ये अगदी हलक्या ब्रेकने, सरळ मागे उतरा. हिल होल्डवर भरवसा नको, तो ब्रेक धरून ठेवतो पण टायरच घसरत असेल तर बिचारा काय करणार.

उतार, इथेच खरं कौशल्य लागतं

चढताना अडकलात तर फार तर वेळ जातो, उतरताना चुकलात तर दरी असते, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची आपल्याकडे अनेकांना सवय आहे. बर्फात ती जीव घेईल. उतार लागायच्या आधी, सपाटीवरच, खालचा गिअर टाका आणि इंजिनच्या ब्रेकवर उतरा. गिअरच्या गाडीचा इथे सरळ सरळ फायदा आहे, सेकंड टाकला की तो सेकंडच राहतो, गाडी परस्पर थर्डमध्ये जात नाही, आणि किती इंजिन ब्रेक लागतोय ते पायाला कळतं. फक्त खालचा गिअर टाकल्यावर क्लच पटकन सोडायचा नाही, पुढची चाकं एकदम हळू होतात आणि तिथेच घसरतात. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, यात मदत करत नाही कारण तो ब्रेकचा दाब सोडू शकतो, इंजिनचा नाही. असं घसरायला लागलं की लगेच क्लच दाबा, चाकं मोकळी फिरू द्या, पकड आली की परत हळू सोडा. एका क्षणात इंजिन तोडता येणं हीच क्लचची सगळ्यात मोठी देणगी, आणि याच एका कारणासाठी हात बसलेल्या माणसाने गिअरची गाडी न्यावी असं माझं म्हणणं आहे.

ऑटोमॅटिकमध्ये डी वर उतरायचं नाही. मॅन्युअल मोडमध्ये एक किंवा दोन, स्टिअरिंगमागे गिअर बदलायची पॅडल असतील तर मायनसचं पॅडल, नाहीतर एल. सीव्हीटीवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, डी मध्ये गाडी रिकाम्या पायानेही पुढे ढकलत असते, जे निघताना उपयोगी पडलं तेच थांबताना आड येतं. गोठलेल्या रस्त्यावर शेवटच्या काही मीटरमध्ये तुम्ही ब्रेक दाबताय आणि इंजिन पुढची चाकं ढकलतंय असं होतं. तिथे ब्रेक धरून एन मध्ये टाका, गाडी लवकर थांबते. हे फक्त शेवटच्या थांबण्यासाठी, उतार उतरण्यासाठी नाही! याची सवय हॉटेलजवळच्या मोकळ्या जागेत करून घ्या, म्हणजे वेळेवर हात बरोबर जागी जाईल, घाईत आर किंवा पी कडे जाणार नाही.

ब्रेकने एबीएस चालू झाला की पेडल थरथरतं, कटकट आवाज येतो, घाबरून पाय काढू नका, दाबून धरा आणि स्टिअरिंगने जागा शोधा. ताज्या मऊ बर्फात एबीएसमुळे थांबायचं अंतर थोडं वाढतंही, पण स्टिअरिंग जिवंत राहतं. क्रूझ कंट्रोल बंद.

गाडी घसरली तर काय, तर स्टिअरिंग वळवूनही नाक सरळच जात असेल तर अजून वळवू नका, उलट थोडं सरळ करा, पाय काढा, टायर पकडेपर्यंत थांबा. मागचा भाग बाहेर जात असेल तर ज्या बाजूला मागचा भाग चाललाय त्याच बाजूला स्टिअरिंग, आणि नजर दरीकडे नाही, जिथे जायचंय तिकडे. दोन्ही वेळी गिअरवाल्यांनी क्लच दाबा.

अडकलात तर

पहिल्यांदा रेस देणं थांबवा. प्रत्येक सेकंदाला टायर आणखी खोल जातोय. उतरा, चाकांच्या पुढचा मागचा बर्फ फावड्याने काढा, सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. टायरखाली माती, खडी, राख, काहीच नसेल तर पायाखालची मॅट उलटी करून घाला, मागे कुणाला उभं करू नका कारण मॅट गोळीसारखी मागे उडते. ट्रॅक्शन कंट्रोल चाकांना फिरूच देत नसेल तर तेवढ्यापुरता बंद करा, निघालात की लगेच चालू.

मग झुलवणं. गिअरच्या गाडीत सेकंड आणि रिव्हर्स, थोडं पुढे, थोडं मागे, प्रत्येक वेळी दोन-चार इंच जास्त. क्लच हातात असल्याने हे गिअरच्या गाडीत फार सुंदर जमतं. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर करता येतं पण मध्ये गाडी पूर्ण थांबलीच पाहिजे, चाक फिरत असताना लिव्हर बदलायची नाही. एएमटी, डीसीटी, सीव्हीटीवाल्यांनी चार-पाच वेळा करून जमलं नाही तर सोडून द्या आणि दोर बांधून ओढून घ्या. ओढणाऱ्याला गाडी ऑटोमॅटिक आहे ते सांगा, बर्फातून बाहेर काढण्यापुरतं ठीक, पण बंद पडलेली ऑटोमॅटिक पुढची चाकं रस्त्यावर ठेवून लांबपर्यंत ओढली तर गिअरबॉक्स जातो. स्थानिक ड्रायव्हरने सांगितलं तर ऐका, ते दर हिवाळ्यात हेच करतात.

आणि रात्रभर जॅममध्ये अडकलात तर काचा बंद करून हीटर लावून झोपू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यात थंडीइतकाच सायलेन्सर बर्फाने बुजून आत भरलेल्या विषारी वायूचा वाटा असल्याचं तेव्हा पुढे आलं. त्या वायूला वास नसतो. तासाला दहा मिनिटं इंजिन, त्याआधी प्रत्येक वेळी उतरून सायलेन्सर मोकळा आहे का ते बघायचं, एक काच बोटभर उघडी, बाकी वेळ ब्लँकेट. म्हणून टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि ब्लँकेट, पाणी, खायला काहीतरी डिकीत नाही, आत ठेवायचं.

रात्री उभी करताना आणि सकाळी

ओल्या बर्फातून आलेल्या गाडीचा हँडब्रेक रात्री ओढून ठेवला तर मागचे ब्रेक गोठून चिकटू शकतात. सपाट जागा शोधा, गिअरच्या गाडीत फर्स्ट टाका, ऑटोमॅटिक पी मध्ये, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पी दाबल्यावर तो स्वतःहून लागतो का ते बघा, बहुतेक गाड्यांत ते बंद करता येतं, कसं ते पुस्तकात असतं. वायपर काचेवरून उचलून ठेवा. गाडीचं तोंड सकाळी ऊन येईल त्या बाजूला.

सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. गिअरची गाडी सुरू करताना क्लच पूर्ण दाबून सुरू करा, गार घट्ट ऑइल घुसळायचं ओझं तेवढंच कमी. ऑटोमॅटिक सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं पी मध्ये राहू द्या, मग पहिला किलोमीटर हळू. छतावरचा बर्फ आधी झाडा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो घसरून पुढच्या काचेवर येतो आणि समोरचं काहीच दिसत नाही.

रस्त्यावर लागल्यावर मागे कुणी नाही बघून ताशी दहा-पंधराच्या वेगाने एकदा ब्रेक दाबून बघा, आज रस्ता कसा आहे ते तिथेच कळतं. सकाळी दहाच्या आधी बोगद्याकडे निघू नका, ऊन लागून वरचा थर सुटू दे, आणि दुपारी तीनच्या सुमाराला सिस्सू सोडा, कारण डोंगराआड ऊन गेलं की दिवसभर वितळलेलं सगळं पाणी त्याच रस्त्यावर परत गोठायला लागतं.